कुणापासून लांब

गुरुजी, तुम्हांला जाऊन एवढी वर्षं झाली आणि मी आत्ता लिहायला बसलोय, रागावू नका. अडल्याशिवाय आठवण काढली नाही, हे खरंच आहे.

माझा मुलगा मालवाहू जहाजावर असतो. गेल्या महिन्यात त्याच्या कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. सातवीत माझी शाळा सुटली तेव्हा तुम्ही दिलेली डिक्शनरी घेऊन पडवीत बसलो, एकेक शब्द लावत गेलो आणि 'रिमोट'पाशी थांबलो. हा तुम्ही शिकवलेला. नवा शब्द आला की आपल्या घरावरून वाक्य करायचं, ही तुमची रीत. वर्गात मी उठून म्हणतो, माझं घर रिमोट आहे. रोज खाडीपलीकडून होडीने यायचो, मला ते बरोबरच वाटतं. तुम्ही खडू खाली ठेवता. "कुणापासून लांब रे? तुझ्या आईला विचार. ती म्हणेल, शाळा लांब आहे." सगळा वर्ग हसतो. मग तुम्ही सांगता, हा शब्द वापरताना आपण कुठे उभे आहोत ते आधी बघावं.

पत्रात लिहिलंय, रिमोट समुद्रात असताना जहाजाशी संपर्क तुटला, शोध चालू आहे. भाट्याच्या पुळणीवर जाऊन उभा राहतो. पायाला लागतं तेही समुद्राचंच पाणी. त्यातलं लांबचं कुठून सुरू होतं, ते मला दिसत नाही.

पत्र आलं तेव्हा ही अंगणात आमसुलं वाळत घालत होती.

"काय म्हणतात?"

"जहाज लांबच्या समुद्रात आहे म्हणतात."

"लांब तर तो नेहमीच असतो. एवढं सांगायला इंग्रजीत पत्र कशाला?"

मी कागदाची घडी घातली. पुढचं वाक्य तिला अजून सांगितलेलं नाही. त्याचा फोन शेजारी यायचा, शेजारीण कुंपणावरून हाक मारायची. महिनाभर तो आलेला नाही; आता तिकडे फोन वाजला की आम्हांला उगाच आशा लागू नये म्हणून शेजारीण आधी दार लोटून घेते. हीसुद्धा ते बघते आणि मला काही विचारत नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

हे पत्र टाकायला पेटी नाही, एवढं कळतं मला. तरी विचारतो. तो तिकडे आला असेल तर तुम्ही ओळखाल, त्याचे कान माझ्यासारखेच पुढे आलेले आहेत. आला असेल तर तसं, नसेल तर तसं, पण लवकर कळवा. हिच्यासमोर गप्प बसणं आता मला जमत नाही.