माझ्या आवाजाचा मालक

४ फेब्रुवारी
आजपासून मी निर्यातदार. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मालाचे कागद रंगवले, आज स्वतःचा माल परदेशी पाठवायला काढला. माल म्हणजे आवाज. एक परदेशी कंपनी बोलणारी यंत्रं बनवते, त्यासाठी आवाजाचे नमुने घेते. 'आपला कंटेनर बंदरातच अडकलाय' हे फोनवर माझ्याइतकं गोड आमच्या ऑफिसात कोणी सांगत नाही. बायको म्हणाली, करार वाच आधी. म्हटलं, कागदांत मुरलेल्या माणसाला कोण फसवणार? बोटाने खाली खाली सरकत गेलो आणि 'मान्य' दाबलं. मोबाइलमधले नंबर मागितले, तेही दिले. लपवण्यासारखं आहे काय? मालकी माझीच राहणार. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय.

१५ फेब्रुवारी
वाक्यं वाचून संपली. कपड्यांच्या कपाटात डोकं घालून वाचायची, म्हणजे बाहेरचा गोंगाट येत नाही. 'काळजी घ्या हं.' 'जेवण झालं का?' 'अगं, सांग ना, मी ऐकतोय.' हे शेवटचं बायकोने ऐकलं आणि विचारलं, हे कुणाला? घसा बसलाय. मोबदला म्हणून हेडफोन आले. उजवा कान चालत नाही.

२२ मार्च, रविवार
संकल्प: दर रविवारी आईला फोन. ती दुसऱ्या शहरात एकटी असते. आज जहाजाच्या भानगडीत जमलं नाही. पुढच्या रविवारपासून नक्की.

५ एप्रिल, रविवार
फोन झाला नाही. आठवण मात्र काढली.

१७ एप्रिल
दोन दिवस मोबाइलवर जाहिरातींचा एकच धोशा: बाथरूममध्ये धरायचे दांडे, न घसरणाऱ्या चटया, मनगटाचे पट्टे. मी काय म्हातारा झालो? जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना समजावलं. आपली माहिती म्हणजे कच्चा माल. फुकटात बाहेर जाते, पक्की होऊन येते आणि आपल्याच गळ्यात मारली जाते. देशोदेशींनी एकत्र बसून कायदे केले पाहिजेत. साहेब म्हणाले, ते करतील तेव्हा करतील, तुझा कंटेनर सुटला का?

१९ एप्रिल, रविवार
बायकोने आईला फोन केला. आई मंगळवारी बाथरूममध्ये पडली. हाड शाबूत, मनगट सुजलंय. कळवलं का नाही, असं बायकोने विचारलं. आई म्हणाली, त्याला सांगितलं की.
फोनवर हात ठेवून बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, कामाच्या गडबडीत राहून गेलं. असं का म्हटलं, कुणास ठाऊक. आई खोटं बोलत नाही. मीही सहसा नाही.

२० एप्रिल
रजा टाकून आईकडे आलो. बाथरूममध्ये दांडे, दाराशी चटई, खुर्चीपुढे पाय चेपायचं यंत्र. सगळं कोरं करकरीत. कुणी आणलं? 'त्याने,' आई म्हणाली.
तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने स्पीकरवर टाकला. 'आई, हात कसा आहे? झोप लागली का?'
आवाज माझा. सर्दी नसतानाचा.
आई निवांत सांगत बसली. हात, औषधं, जादाची किल्ली कुणाकडे ठेवते ते. सून गुणी आहे, मुलगा दमलेला असतो. मी समोर बसलेला. आवाज म्हणाला, 'अगं, सांग ना, मी ऐकतोय.' शेवटी त्याने तिला एक उशी विकली.
मी ओरडलो, हा मी नाही!
'ते पहिल्याच दिवशी कळलं,' आई म्हणाली. 'तू इतका वेळ कधी बोललायस?'
तिचा नंबर त्यांना मीच दिला होता. 'आई' या नावाने.

२४ एप्रिल
वकील भाच्याला करार दाखवला. त्याने तो पूर्ण वाचला, घराण्यात पहिलाच. मालकी माझी आहे, हे खरं. वापरायचा हक्क कायमचा त्यांचा. कंपनी एका देशात, आवाज साठवलेला दुसऱ्या देशात, तो भाड्याने घेणारे तिसऱ्याच. दावा लावायचा कुठे? भाचा म्हणाला, 'मामा, तुझ्याकडे पासपोर्ट नाही आणि तुझा आवाज जग हिंडून आला.' मला हसू आलं नाही.
एक वाट आहे. आईने स्वतः 'फोन नको' कळवलं, तर तिच्यापुरते बंद होतील. म्हणजे जिंकलोच.

२६ एप्रिल, रविवार
आईला फोनवर समजावलं. तुझं सगळं खासगी बाजारात जातंय. अगं, तू पडलीस तर त्याच्या जाहिराती माझ्या मोबाइलवर आल्या!
आई म्हणाली, 'म्हणजे तुला कळलं होतं?'
विषय बदलला.
फोन बंद करायला तिने साफ नकार दिला. म्हणाली, विकतो, पण आधी विचारतो तरी.
नवा संकल्प: रोज फोन. स्पर्धेत उतरल्याशिवाय बाजार हाती येत नाही.

२९ एप्रिल
उद्यापासून.

४ मे, संध्याकाळ
केला. विचारलं, जेवलीस का? म्हणाली, हो. हात? बरा. पुढे काय विचारायचं ते सुचेना. तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता.
मग आई म्हणाली, 'बरं, आता काय विकायचंय ते सांग.'
म्हटलं, अगं, मी आहे, मी! काही विकायचं नाही.
'मग ठेवते,' म्हणाली.