सुनेच्या पणजोबाचा दाखला

मिलान, गुरुवार

सौ. द्वारकास, इतक्या लांबून आशीर्वाद.

फोनवर विशाल शेजारी बसलेला असतो, म्हणून हे पत्र. माझी तब्येत बरी आहे. तू दिलेलं बाजरीचं पीठ अजून पुरतंय. दुपारी इथल्या कालव्याकाठी बसतो, तर घटकाभर नीरेच्या कालव्यावरच बसल्यासारखं वाटतं. तुझे गुडघे कसे आहेत? डाळिंबाचा बहार धरला का?

सूनबाई अर्जेंटिनाची, पण तिचा पणजोबा इटलीचा. त्याच्या जन्मदाखल्यावर तिला इथलं नागरिकत्व मिळालं आणि तिकडचंही राहिलं. तिच्यामुळं विशाललाही मिळालं, पण आपल्या देशात दोन चालत नाहीत. काल त्यानं आपला भारताचा पासपोर्ट वकिलातीत परत केला. मी बरोबर होतो.

तो दाखला शोधायला हा चार गावं हिंडला होता. त्या पणजोबाचं नाव, गाव, तो जहाजात बसला ती तारीख, सगळं याला पाठ. लहानपणी माझ्यासमोर हात बांधून कविता म्हणायचा, तसंच न अडखळता सांगतो. परतताना मी विचारलं, "तुझ्या पणजोबाचं नाव काय रं?"

"आबा, ते कुठं लागतंय?" म्हणून हसला. मीही हसलो. नाव सांगितलं नाही.

जिना चढताना म्हणाला, "रागावला न्हाय न्हवं?" मी न्हाय म्हणालो.

एखाद्या रविवारी फोनवर तो तुलाही विचारील. रडू नकोस. न्हायच म्हण.

तुझा,
रामहरी