तुम्ही गेल्यानंतरचं कॉलेज

दारव्हा,
१९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय विमल मॅडम,

सादर नमस्कार. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता काठीशिवाय चालता, असं आपल्या शिपाई रामधनकडून कळलं. फार बरं वाटलं. अम्मीनं तुमच्यासाठी दुआ मागितली होती. तिला तुम्ही अजून आठवता. माझ्या ॲडमिशनसाठी तुम्ही घरी येऊन अब्बांशी भांडला होतात, तेव्हापासून.

तुम्ही कॉलेजमधून आलेला फोन उचलत नाही, आणि माझाही नंबर तुम्ही कॉलेजचाच धरत असाल. म्हणून पत्र लिहिते.

तुम्ही गेल्यानंतरचं आपलं फार्मसी कॉलेज तुम्ही पाहिलंच नाही. कापसाच्या जिनिंगच्या मागे टिनाच्या दोन खोल्यांत आपण सुरुवात केली होती, पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात तुमचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता तीन मजली इमारत आहे. विद्यापीठानं एम.फार्म. दिलं, मग संशोधन केंद्रही दिलं. मागे औषधी वनस्पतींची बाग आहे, तिथली गुळवेल पार कुंपणावर चढली आहे. मुलींचं वसतिगृह झालं. आपली पंचफुला औषध निरीक्षक झाली, तिच्या बंजारा तांड्यातून सरकारी गाडीत बसणारी पहिलीच. हैदराबादच्या कंपन्यांत आपली पोरं भेटतात. सप्टेंबरमध्ये देशपातळीच्या क्रमवारीत आपलं नाव आलं. विद्यापीठानं मोठा कार्यक्रम ठेवला. मी प्रभारी प्राचार्य आहे, त्यामुळे हारतुरे मलाच मिळाले.

शिक्षक मात्र नाहीत. तुम्ही म्हणाला होतात, "इमारत नको, आधी माणसं द्या," आणि त्यावरूनच राजीनामा टाकून निघून गेलात. जागा अजून भरलेल्या नाहीत. तासिकेच्या पगारावर शिकवायला तरुण पोरं येतात, चांगली नोकरी मिळाली की जातात. यंदा दोघं एकाच महिन्यात गेले. मी दोन बॅचेस एकत्र करून प्रॅक्टिकल घेते.

एका मुलीला लॅबमध्ये थोडं लागलं. विद्यापीठाची चौकशी बसली आहे.

मॅडम, हे वाक्य लिहून मी उठून गेले होते. चहा करून परत बसले. थोडं लागलेलं नाही. ती पुष्पा राठोड आहे, बोरी अरबजवळच्या तांड्यावरची. तिचा डावा डोळा गेला.

तो कार्यक्रमाचाच दिवस होता. प्रॅक्टिकलला ॲसिटॅनिलाइडचं नायट्रेशन होतं. दोन्ही ॲसिडं बर्फात ठेवून थेंब थेंब टाकायची, घाई केली तर उसळतं, हे मी फळ्यावर लिहिलं, तोंडानं सांगितलं. तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला, पाहुणे फाटकात आलेत, प्राचार्यांनी स्वागताला यावं. मी गेले. लॅबमध्ये दुसरं कुणी शिक्षक नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी गेले. पाहुण्यांना शाल देत असताना वरून किंकाळी ऐकू आली.

ओम नावाचा मुलगा आहे, राजूरचा, वडील कोळसा खाणीत. त्याचा फ्लास्क उसळला. पुष्पा शेजारच्या टेबलावर होती, ॲसिड तिच्या तोंडावर उडालं. मी पोचले तेव्हा पोरांनी तिला आयवॉशपाशी नेलं होतं. डोळे धुवायचा तो फवारा भिंतीला लावलेला आहे, चकाकतो. ओम त्याचा दांडा दाबत होता, पुन्हा पुन्हा दाबत होता. एक थेंब आला नाही. रामधन खालच्या मजल्यावरून बादलीत पिण्याचं पाणी घेऊन जिने चढत आला. तोवर जे व्हायचं ते झालं होतं.

त्या फवाऱ्याला पाइप जोडलेलाच नव्हता. जुलैत तपासणी समिती आली, त्याच्या आदल्या दिवशी तो बसवला. कंत्राटदार म्हणाला, जोडणी मागून करतो. समितीला मी स्वतः हात करून दाखवलं, "हा आयवॉश." कुणी दांडा दाबून पाहिला नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

नागपूरच्या दवाखान्यात डोंगरसिंग, तिचे वडील, मला म्हणाले, "मॅडम, तिच्या डोयात पानी काहून नाई मारलं लवकर?"

मी म्हणाले, "भाऊ, नळाले पाणी नव्हतं."

"एवढ्या मोठ्या बिल्डिंगीत?"

त्यांनी रागानं विचारलं असतं तर मला झेपलं असतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. पुष्पाची आई लालीबाई बाकावर बसून "मारी छोरी, मारी छोरी" एवढंच म्हणत होती. आणि पुष्पानं, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी असताना, मला विचारलं, "मॅडम, माह्या प्रॅक्टिकलचे मार्क लागतील ना?" मग म्हणाली, "ओमले काही बोलू नका. त्याले जमत नव्हतं म्हणून मीच वाकून सांगून राह्यलती."

आता विद्यापीठाच्या कुलसचिव साहेबांनी मला बोलावून सांगितलंय, की विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, असा माझा जबाब हवा. ओमला काढून टाकतील, प्रकरण मिटेल. ते वाईट माणूस नाहीत, मॅडम. म्हणाले, "तुम्ही पाण्याचं आणि शिक्षकांचं बोललात, तर पहिल्या वर्षाचे प्रवेश थांबतील. पुढच्या साली तांड्यांवरच्या पोरी कुठं जातील? यवतमाळच्या खाजगी कॉलेजात?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

ओम राजूरला निघून गेलाय. त्याच्या आईनं मला फोन केला. "जेवत नाई, मॅडम. कोणाशी बोलत नाई. खोलीले कडी लावू देत नाई मी त्याले."

चौकशी दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. तुम्ही याल का? माझ्या शेजारी बसा फक्त. दुसरं कुणी नाही मला.

तुमची,
निलोफर


दारव्हा,
७ डिसेंबर २०२५

आदरणीय मॅडम,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. "त्या इमारतीत मी पाय ठेवणार नाही. तुला काय करायचं ते तुला कळतं." त्या दिवशी मला तुमचा राग आला. खोटं कशाला लिहू? मी रडले, कार्ड उशाखाली कोंबलं, आणि सकाळी चौकशीला एकटी गेले.

मी सगळं सांगितलं. लॅबमध्ये मी नव्हते. दोन बॅचेस एकत्र होत्या. फवारा कोरडा होता आणि ते मला ठाऊक होतं. ओमनं मी शिकवलेलंच केलं, बघायला कुणी नव्हतं म्हणून ते बिघडलं. कुलसचिवांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

साहेब म्हणाले होते तसंच झालं. पुढच्या सालचे पहिल्या वर्षाचे प्रवेश थांबवलेत. माझ्याकडून प्राचार्यपद काढून घेतलं, निलंबन झालं, चौकशी पुरी होईपर्यंत मला लॅबमध्ये जायला बंदी आहे. पेपरात कॉलेजचा फोटो आला, कार्यक्रमाच्या दिवशीचा, रोषणाईतला. पोरांनी फाटकावर मला अडवलं. शेवटच्या वर्षाची एक मुलगी म्हणाली, "आमच्या डिग्रीले आता कोण विचारते, मॅडम? तुमचं खरं तुमच्यापाशी राहू द्यायचं होतं." मी खाली मान घालून निघाले. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. पुढच्या जूनमध्ये कुणीतरी बाप पोरीला घेऊन त्या फाटकाशी येईल आणि परत जाईल. रोज हेच दिसतं मला, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना.

जबाबानंतर मी राजूरला गेले होते. ओम खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी दारातूनच म्हणाले, "तुझ्यावरचा ठपका गेला. मी लिहून दिलं. तू उद्या कॉलेजात चल." त्यानं भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "आन पुष्पा?" तिचा डोळा परत येणार नाही, हे मी त्याला सांगितलं. डॉक्टरांनी खोटी आशा ठेवली नव्हती, मी तरी कशी ठेवणार? तो उठून बसला आणि आईच्या कुशीत शिरून लहान लेकरासारखा ओरडला. त्यानंतर चार घास जेवला. आता कॉलेजात जातो.

तांड्यावरही गेले होते. ते मी तुम्हाला सांगणार नव्हते. डोंगरसिंगांनी खाट टाकली, पाणी दिलं. लालीबाईनं मला बसू दिलं नाही. जबाब पेपरात आला होता, कुणीतरी तिला वाचून दाखवला होता. ती म्हणाली, "तुले मालूम होतं नळ खोटा हाय. आन तू पोरीले तिथं सोडून हार घ्याले गेलती." मी हो म्हणाले. "मंग आता तुह्या हातचं माह्या पोरीले काही नको. शिकवनं बी नको. जाय." पुष्पा दाराआड उभी होती. बाहेर आली नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी पुष्पा वर्गात परत बसायला लागली. काल ओम आमच्या घरी आला. अम्मीनं चहा दिला, त्यानं कप हातातच धरून ठेवला.

"मॅडम, तिच्या हातून बाहेर सांडून राह्यलं."

"काय सांडतं?"

"सगळंच. मेजरिंग सिलिंडरमध्ये ओतते तर काठाच्या बाहेर जाते. पिपेट फ्लास्कमध्ये नाई जात, बाजूले जाते. तिले अंतरच समजत नाई. नवीन सर तासिकेवरचे हायेत, ते म्हनतात, तू नुस्ती बसून पाहत जाय. काल सगळे पाहून राह्यलते. ती रडली नाई. ॲप्रन काढून घडी केला आन निघून गेली. आज आली नाई."

मॅडम, एका डोळ्यानं अंतर शिकता येतं. डॉक्टरांनी मला सांगितलंय, हाताला सवय लावावी लागते, काचेला काच टेकवून ओतावं लागतं, महिने लागतात. कुणीतरी रोज शेजारी बसायला हवं, जे चिडणार नाही आणि दयाही करणार नाही. मला तुमच्याशिवाय असं कुणी माहीत नाही. टिनाच्या खोलीत तुम्ही मला पिपेट धरायला शिकवलंत तेव्हा माझ्या हातून अर्धं बाहेर सांडायचं, तुम्ही एकदाही "राहू दे" म्हणाला नाहीत.

त्या इमारतीत येऊ नका. मी ते पुन्हा मागणार नाही. बोरी अरबला उतरा, ओम स्टँडवर येईल, तो तुम्हाला तांड्यावर नेईल. सिलिंडर, पिपेट, बीकर मी बाजारातून आणून त्याच्याकडे देते, तुमचे म्हणूनच न्या. जानेवारीत तिचं प्रॅक्टिकल आहे. त्याला ती बसली नाही, तर पुन्हा कधीच बसणार नाही, हे मला दिसतंय.

कॉलेज राहील की जाईल, मला माहीत नाही. मी केलं ते बरोबर होतं की नाही, हेही आता विचारत नाही कुणाला. एवढी एक पोर हातची जाऊ देऊ नका.

आणि तांड्यावर माझं नाव काढू नका. लालीबाईला कळलं की मी पाठवलं, तर ती तुम्हालाही दारातून परत लावील. पुष्पानं विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं, तर तिलाही सांगू नका. ओमलाही मी बजावलंय.

तांड्यावर तुम्हाला न ओळखणारी,
निलोफर