लाल ठिपक्याची रॅम

शुक्रवार, भेस्तान, सुरत

राग गिळून बसलेय. सांगू कुणाला?

साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं मी ज्या कॉम्प्युटरवर काढते तो इतका जुना, की त्याची रॅम आता नवी मिळतच नाही. आत दोन होत्या. गेल्या महिन्यात भाऊजींनी, ह्यांच्या धाकट्या भावाने, तो साफ करायला उघडला आणि सांगितलं, "वहिनी, एक जळाली. फेकून दिली." तेव्हापासून स्क्रीनवर एक फूल उमटेपर्यंत माझा चहा करून होतो.

आज उरलेली रॅम काढली आणि ब्लाउजपीससारखी मॅचिंगला घेऊन गेले. चार दुकानदार मला हसले. पाचवा जुनं सामान विकणारा, त्याने डबा उपसला. "लो बेन, एक ज छे." एकच होती.

हातात घेतली तर कोपऱ्यात लाल नेलपॉलिशचा ठिपका. माझाच! चाळीत वस्तूंची अदलाबदल होऊ नये म्हणून ताटापासून छत्रीपर्यंत सगळ्यावर लावते मी. या दोन्ही रॅमवरही लावला होता.

गुपचूप पैसे दिले. कुणी विकली, ते का नाही विचारलं? विचारण्यासारखं उरलंच होतं काय!

घरी येऊन बसवली. कॉम्प्युटर पहिल्यासारखा पळायला लागला. जेवताना भाऊजी म्हणाले, "अरे वा वहिनी, कुठं मिळाली?"

"तुम्ही फेकली होती तिथंच."

त्यांनी मान खाली घातली. ह्यांनी डोळे वटारले, तेही माझ्याकडेच बघून.

आणि मी वेडी, इतकी वर्षं शेजाऱ्यांच्या भीतीने ठिपके लावत बसले.