सेमरटोल्याची साइड हाइक

विजय नगर, जबलपूर
एप्रिल १९९४

प्रिय अंजनी,

माझं अक्षर पाहून तू पाकीट बाजूला ठेवशील. ठेव, पण फाडू नकोस. इतक्या वर्षांत तुला साधं नववर्षाचं कार्ड धाडलं नाही आणि आज पानं भरायला बसले आहे, त्याला कारण आहे. ते एकदम सांगायचा धीर होत नाही, म्हणून आधी बातम्या.

मी आता शाळेत गाइड कॅप्टन आहे. हो, तीच मी, जिच्या तंबूच्या गाठी तू मागून गुपचूप सोडून पुन्हा बांधायचीस. या उन्हाळ्यात मुलींना पाठीवर बोजा घेऊन नर्मदेच्या काठाकाठानं चालवायचं ठरवलं आहे. मधे दोन रात्री एकाच जागी मुक्काम. तिथं ओझं तंबूत टाकायचं आणि हलक्या अंगानं जवळपास कुठं जाऊन यायचं, ही साइड हाइक. कुठं जायचं आणि तिथं काय करायचं, हे टोलीनायिकांच्या, म्हणजे गटप्रमुख मुलींच्या, सभेत मुलींनी ठरवावं असा नियम आहे. पण मला कुठला दम! मी आधीच ठरवून मोकळी झाले होते. सेमरटोला. तुमचं गाव, आपल्या पहिल्या कॅम्पचं गाव.

तेव्हा आपण काढलेला नकाशा ट्रंकेत सापडला होता. शाळा, विहीर, नदीकडे उतरणारी पायवाट, सगळं त्यात होतं. त्यावरून मी भला मोठा कागद रंगवला. विहिरीवर बाटल्या भरायच्या, म्हाताऱ्या माणसांना विचारून गावाची माहिती लिहायची, शाळेमागच्या आंब्याखाली चुली मांडून स्वयंपाकाची स्पर्धा घ्यायची. स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नकोस. तुझे बाबा, आपले डोमाजी गुरुजी, इथंच महाराजपूरला तुझ्या दयारामदादाकडे असतात, एवढं कानावर होतं. रिटायर होऊन मुलाकडे आले असतील, असं मी धरून चालले. एका मुलीबरोबर निरोप धाडला, सभेला या आणि मुलींना तुमचं गाव दाखवायला आमच्याबरोबर चला.

गुरुजी आले. धुतलेला सदरा, हातात तीच काळी छत्री. मी फळ्यावर कागद लावून त्या विहिरीचं पाणी किती गोड, ते मुलींना रंगवून सांगत होते. गुरुजींनी पूर्ण ऐकून घेतलं, मग उठले आणि म्हणाले, “विहीर आहे ना बाई. पण आता लय खोल झाली.” मुली हसल्या, मीही हसले. मग त्यांनी आवाज जराही न चढवता सांगितलं, की बरगीचं धरण भरलं तेव्हा सेमरटोला पाण्यात गेला.

अंजनी, बरगीला मी कितीदा सहली नेल्या! बोटीत बसले, भजी खाल्ली, फोटो काढले. आपण कोणाच्या छपरावरून चाललोय, हे एकदाही मनात आलं नाही. जबलपुरात राहून! वाटलं, त्या कागदासकट जमिनीत गडप व्हावं.

गुरुजींनी मात्र मलाच सांभाळून घेतलं. कागदाजवळ येऊन बोटानं घरं दाखवू लागले, हे कुसुमबाईचं, हे पाटलाचं. बोट आंब्यापाशी आलं आणि थांबलं. तिथं मी लाल शाईनं चुली काढल्या होत्या. “इथं नको,” एवढंच म्हणाले. आणि मी विचारलं, “काहून गुरुजी, सावली नाही का तिथं?” ते म्हणाले, “आहे ना, सावली आहे,” आणि खाली बसले.

घरी कुकर लावताना एकदम आठवलं. तू लिहिलं होतंस, आई गेली, शाळेमागं आंब्याखाली तिला माती दिली. ज्या भीमाबाईंनी कॅम्पमध्ये मला ताप आला तर आपल्या घरी नेऊन कण्या भरवल्या, त्या. आणि मी तुला उत्तर टाकलं होतं, ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.’ तुमच्या घरी ईश्वर, आत्मा हे शब्द चालतात की नाही, तेही न बघता. तू पुन्हा लिहिलं नाहीस. मला वाटलं, तू कामात असशील. त्याच जागेवर मी आता चुली मांडायला निघाले होते. गॅस बंद करून तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. लाज वाटते हे म्हणणंसुद्धा सोपं आहे गं.

मी ती हाइक रद्दच करणार होते. पण सभेतच इंदिरा नावाच्या टोलीनायिकेनं गुरुजींना विचारलं होतं, “दादाजी, हम फिर भी चलें?” आणि गुरुजींचा चेहरा उजळला होता. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, काठ उघडा पडतो. तिथं दगड मांडून अख्खं गाव उभं करू, म्हणाले. मुलींनी हात वर केले. आता रोज शाळा सुटल्यावर गुरुजी मैदानात बसतात आणि कोणाचं घर कोणाला लागून होतं ते मुलींकडून पाठ करून घेतात. मी त्यांना चहा नेऊन देते. त्यापलीकडे काय करावं ते मला कळत नाही.

काल धीर करून विचारलं, आंब्याखालच्या जागेचं काय? गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, “तो दगड माह्या हातानं ठेवल्या जात नाही, बाई. अंजनीनं ठेवला तं ठेवला.” पण तू त्या पाण्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं आहेस, म्हणून ते तुला कधी लिहिणार नाहीत. म्हणून मी लिहिते आहे. तुला काही मागायचं तोंड मला नाही. माझ्यासाठी येऊ नकोस, त्यांच्यासाठी ये. मेच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही काठावर असू. तू आलीस तर मी मुलींच्या मागं उभी राहीन, हाक मारल्याशिवाय पुढं येणार नाही. नाही आलीस, तर ती जागा मोकळीच राहील. मुलींना मी सांगितलं आहे, तिथं कोणी पाय द्यायचा नाही.

म्हणू दिलंस तर, तुझीच
विनता