मागं कोण राहणार

कोऱ्हाळे बुद्रुक, शुक्रवार, जानेवारी १९५६

रविवारी पुण्याला जायचं ठरलं. तिथली प्राण्यांची बाग मुलांना दाखवायची. आत जायला तिकीट नाही, एस.टी.चं भाडं तेवढं, असं हे जेवताना म्हणाले. धाकट्या शकूनं विचारलं, वाघाला गोठ्यात बांधतात का. कोणी हसलं नाही. मीही नाही.

वाटेत खायला दशम्या करीन. पीठ मळायला दूध शेजारून आणावं लागेल. एवढं लिहिलं आणि हात थांबला. या घरात दूध मागून आणायचं.

लग्न झाल्यापासून सगळे मिळून कुठं गेलोच नाही. जत्रा असो, कुणाचं लग्न असो, गुरांसाठी एकजण मागं. बहुतेकदा मीच. तेव्हा किती चिडायचे. आता चीड येत नाही, रडूही येत नाही.

दिवाळीनंतर बुळकांड्याची साथ आली. आधी दोन्ही बैल गेले, मग कपिला गाय. आज भाकऱ्या झाल्यावर नेहमीसारखा तिचा चतकोर बाजूला काढला. चुलीपाशीच राहिला होता तो.

हात धुताना आबा, माझे सासरे, सवयीनं म्हणाले, "समदी चाललाय, पर मागं कोण ऱ्हाणार?"

यांनी मान खाली घालून सांगितलं, "तुमीबी चला, आबा. आता मागं कुणी लागत न्हाय."

आबा चुलीपाशी आले, तो चतकोर उचलला आणि ओसरीवर गोठ्याकडं तोंड करून बसले. तिथूनच म्हणाले,

"मी ऱ्हातो."