मुलींची खोली

सिस्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्या चेहऱ्याआधी मला तुमचे हात आठवतात. पेज ढवळणारे, माझ्या वेण्या ओढून घट्ट घालणारे, संध्याकाळी कमरेचा चाव्यांचा जुडगा चाचपणारे. मी सध्या अमेरिकेत असते, मुलाकडे, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये. सकाळी सगळे गाड्या काढून फ्रीवेला लागतात आणि मग दुपारभर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. नात शाळेतून येईपर्यंत मी भाजी निवडत बसते. तुम्ही म्हणाल, एवढ्या लांब जाऊन हेच करतेस गो? हेच करते.

नात चौथीत आहे. इथे चौथीतल्या मुलांना मिशनचं मॉडेल करायला सांगतात. दोनशे वर्षांपूर्वी स्पेनच्या पाद्रींनी या किनाऱ्यावर ठिकठिकाणी मिशनं बांधली, भोवतालच्या लोकांना बाप्तिस्मा दिला, शेती आणि प्रार्थना शिकवली. तिच्या पुस्तकात एवढंच आहे. त्यातलं एक मिशन आमच्या गावातच आहे. सून म्हणाली, "आई, त्याचं किट मिळतं हो दुकानात. वीकएंडला ग्लू केलं की झालं." मी म्हटलं, विकतचं कशाला, आपण दिवाळीतल्या किल्ल्यासारखं करू. मग मागच्या अंगणात विटा रचल्या, गोणपाट मातीत बुडवून त्यावर थापलं, मोहरी पेरली. पुठ्ठ्याचं चर्च झालं, त्यावर काड्यांचा क्रूस. माझा उत्साह बघून मुलगा हसत होता. मी कपाटातून मागच्या दिवाळीचे मातीचे मावळे काढून भिंतीवर उभे केले तेव्हा तर म्हणाला, "आई, पगड्या बघ त्यांच्या! टीचर विचारेल, मराठे कॅलिफोर्नियात कधी आले?"

"अरे, शिपाई होतेच ना तिथे?"

"येस, स्पॅनिश सोल्जर्स," नात म्हणाली.

"मग यांना स्पॅनिश समज. कोण बघायला येतंय!"

मावळ्यांची तोंडं मी बाहेरच्या बाजूला केली. शत्रू बाहेरून येतो, पहारा बाहेर बघतो, हे काही मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

शनिवारी आम्ही खरं मिशन बघायला गेलो. पांढऱ्या भिंती, लाल कौलं, दारातून येणारा मेणबत्त्यांचा वास. आत पाऊल टाकलं आणि मला आपल्या कॉन्व्हेंटचं चॅपल आठवून भरून आलं. हात आपोआप कपाळाकडे गेला. मी त्या धर्मातली नाही, पण तुमच्या हाताखाली वाढलेल्या मुलीचा हात तिथे जातोच. बाहेर झाडाखाली माझ्याच वयाची एक बाई वेताची टोपली विणत बसली होती. ती ओलोनी, म्हणजे या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या लोकांपैकी. येणाऱ्या मुलांशी ती गप्पा मारत होती. नातीने कॅमेऱ्यात आमच्या मॉडेलचा फोटो दाखवला. बाई मनापासून हसली. या टोपीवाल्यांना मी ओळखत नाही, म्हणाली. मग तिने फोटो जवळ धरून पाहिला. "पण हे बाहेर का बघतायत? बाहेर तर आमची घरं होती. यांना आत वळव."

नातीने विचारलं, व्हाय. बाईने सांगितलं, अगदी साध्या आवाजात, रोज सांगणाऱ्या माणसाच्या. एकदा डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं की माणसाला मिशन सोडून परत जायची मुभा नसे. गेला तर शिपाई आणायला जात. मुली जरा मोठ्या झाल्या की त्यांना आईबापांपासून काढून एका खोलीत ठेवत आणि अंधार पडताना बाहेरून कुलूप लावत. ती खोली आता उभी नाही. बाईने हवेतच हात फिरवून दाखवली, इथून तिथपर्यंत. दाटीवाटीत आजार आले की मुली पटापट मरत. तिच्या घरात आता कुणी आपली भाषा बोलत नाही. जुन्या कागदांमधून ती एकेक शब्द शिकते, पण बोलायला समोर कुणी नाही.

"माय ग्रँडमा वेंट टू अ कॉन्व्हेंट," नात अभिमानाने म्हणाली. "शी लिव्ह्ड देअर!"

बाईने माझ्याकडे बघितलं. "तुम्हालाही कुलूप लावायचे?"

"हो," मी म्हटलं. "पण मला आवडायचं." आणि ते खरं आहे, सिस्टर. आई गेल्यावर बाबांनी मला तुमच्याकडे आणून सोडलं तेव्हा मला सगळ्याची भीती वाटायची. तुमची किल्ली कुलपात फिरली की वाटायचं, आता कुणी आत येणार नाही, आता झोपावं. हे मी तिला सांगितलं. आमच्या सिस्टर फार प्रेमळ होत्या, असंही म्हणाले.

"इथलेही काही पाद्री प्रेमळ होते म्हणतात," ती म्हणाली. "मुलांना तेच समजावणं सगळ्यात कठीण जातं." आणि मग टोपलीकडे बघत तिने विचारलं, "तुमच्या खोलीत सगळ्यांनाच आवडायचं?"

सिस्टर, ती डोंगरातल्या पाड्यावरची मुलगी तुम्हाला आठवत असेलच. फादरांनी जीपमधून आणलेली. उवा झाल्या म्हणून तुम्ही तिचे केस कापलेत, फ्रॉक दिलात, नवं नाव दिलंत. माझ्या शेजारची खाट तिची. कुलूप लागलं की ती दाराशी जाऊन बसायची, रडायची नाही, फक्त फटीला डोळा लावायची. एकदा सकाळच्या प्रार्थनेतून ती पळाली. वॉचमनने तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून परत आणलं. आम्हाला वाटलं आता छड्या. तुम्ही तिला स्वयंपाकघरात नेलंत. मी तिथे ताटं पुसत होते. तुम्ही खाली बसलात, तिचे पाय मांडीवर घेतलेत, सुईने एकेक काटा काढलात, ऊन पाण्याने पाय धुतलेत आणि म्हणालात, "कुठे जायचंय गो तुला? आता हेच घर." गुळाची पेज भरवलीत. त्या संध्याकाळी कुलूप ओढून पाहिलंत, नीट लागलंय ना. दोन्ही करताना तुमचा चेहरा एकच होता.

बाजाराच्या दिवशी तिची आई येऊन फाटकाशी बसायची. तुम्ही तिला चहा पाठवायचात. पुढच्या वर्षी आई त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली आणि मुलगी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "काय म्हणते ती?" मला तरी काय कळणार! पावसाळ्यात तिला गोवर आला, छाती भरली. चर्चमागे तिला पुरलं तेव्हा क्रुसावर तुम्ही दिलेलं नाव होतं. आई मात्र वेगळ्याच नावाने हाका मारत होती. तुम्ही स्वयंपाकघरात पाट्याशी बसून रडलात, पदराला डोळे पुसावेत तसे झग्याच्या बाहीला पुसत. मी पाहिलं. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

आणि तिथेच माझं सगळं अडतं. तुम्ही दुष्ट असतात तर मी या वयात तुम्हाला टाकून मोकळी झाले असते. पण माझे ताप ज्या हातांनी उतरवले त्याच हातांनी तिचं दार लावलं. मला आईविना आई मिळाली, तिची आई फाटकाबाहेर बसलेली होती. माझं घर आणि तिचा तुरुंग यांना भिंत एकच. माझ्या वाट्याचं वेगळं काढून जपून ठेवावं म्हटलं तर ते सुटं होत नाही. तुम्हाला हे कधी कळलं होतं का, की रडताना कळलं आणि पुन्हा जुडगा कमरेला लावलात, हे विचारायला आता कुणी नाही. त्या बाईचा प्रश्न ऐकून मी नातीचा हात धरला आणि गाडीकडे वळले. बाई वेताची काडी पाण्यात बुडवून विणू लागली. परतताना गाडीत नातीने विचारलं, "आजी, वॉज युअर सिस्टर नाइस?" मी म्हटलं, "हो गं, फार." पुढचं बोलायला तोंड उघडलं, तोवर ती खिडकीबाहेर बघत होती.

हे पत्र लिहून झालं. टाकायचं कुठे, हा प्रश्नच नाही. पण खरं सांगू? तुम्ही आज असतात, तुमचा पत्ता मला पाठ असता, तरी मी हे टाकलं नसतं. तुम्हाला वाईट वाटलं असतं, आणि ते मला अजूनही बघवत नाही.